अंगठा साक्षांकित नाही

७ फेब्रुवारी

कायद्याच्या खुर्चीत बसलेल्या भिंगरीस, तिच्या आजीचा न मागितलेला आशीर्वाद.

दोन वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस, मी मेलेली नाही. मी मेल्याचं पत्र तुझी आई लिहील आणि त्यात रडणं जास्त, बातमी कमी असेल. हे पत्र खालच्या मजल्यावरची टायपिस्ट उतरवून घेते आहे. तीस वर्षं कचेरीत टकटक केली, आता निवृत्त झाली तर बोटांना चैन पडत नाही. तिला आधीच बजावलंय, मी बोलते तसंच लिहायचं, माझं बोलणं धुऊन वाळत घालायचं नाही. धुण्याचं काम मी एकतीस वर्षं केलंय. कुठला डाग काढायचा आणि कुठला राहू द्यायचा ते मला कळतं.

काल तुमच्या देखरेख कार्यालयाचा लिफाफा आला. सरकारी खात्यांवर नजर ठेवायची, कुणी वाकडं वागलं तर कान धरायचा, म्हणून सरकारनेच काढलेलं कार्यालय! मांजरानेच स्वतःच्या गळ्यात घंटा बांधायची आणि वाजली नाही म्हणून सगळ्यांना पत्रं पाठवायची. असो. टायपिस्टने वाचायला घेतलं, "उपरोक्त विषयास अनुसरून," आणि मला तिथेच कळलं की नाही म्हणताहेत. हो म्हणायचं असतं तर इतक्या लांबून यायला लागत नाही. पुढे होतं, "सदर अर्जावरील अंगठ्याचा ठसा साक्षांकित नसल्याने अर्ज निनावी समजून दप्तरी दाखल करण्यात येत आहे."

निनावी! वर माझं नाव, नवऱ्याचं नाव, घराचा नंबर, मजला, जिना कुठून आहे तेसुद्धा लिहिलेलं. खाली माझा अंगठा, चांगला टपोरा. पण तो माझाच आहे असं दुसऱ्या कुणी मोठ्या माणसाने लिहून दिलं नाही, म्हणून मी कुणीच नाही.

मी विचारलं, "सही कुठल्या गाढवाची आहे?"

टायपिस्टने सही पुन्हा डोळ्यांजवळ धरून पाहिली. मग चष्मा पुसला. मग म्हणाली, "मावशी, तुमच्या नातीची दिसते."

शाबास. घरात एक वकील झाली, सरकारी कायदा अधिकारी झाली, आणि पहिलं काम काय केलं, तर आजीला निनावी ठरवलं.

तू अर्ज वाचलेला नाहीस हे उघड आहे, म्हणून त्यात काय होतं ते सांगते. दवाखान्याच्या धुलाईघरात धाकटी म्हणून एक आहे. तिशीची आहे, पण सगळ्यांत शेवटी कामाला लागली म्हणून धाकटी. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी आली. डिसेंबरात तिचा उजवा हात इस्त्रीच्या रुळात गेला. ते दोन तापलेले रूळ तुला माहीत आहेत, मधून ओली चादर जाते आणि पलीकडे कडक होऊन पडते. चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. म्हणजे आता तीही माझ्यासारखीच, फरक इतकाच की तिला लिहिता येत होतं.

रुळाच्या तोंडाशी जाळी असते. हात जाळीला लागला की यंत्र थांबतं. धुलाईघराचा प्रमुख म्हणजे आमचा खळसाहेब. खळ घातलेल्या कॉलरसारखी मान, कधी वाकली नाही, म्हणून खळसाहेब. तो म्हणतो, जाळी रोज लावलेली असायची, त्या दिवशी धाकटीने स्वतः काढली. चूक तिची, म्हणून कामावरून काढायची नोटीस तिला. हाताची बोटं तिची, नोटीसही तिलाच.

हे खोटं आहे, एवढंच मी अर्जात म्हटलं. ते तू न वाचता मिटवलंस. जेवण वेळेवर कर.

आजी

१९ फेब्रुवारी

भिंगरे,

चार ओळी का होईना, उत्तर आलं. "आजी, दिवसाला सव्वाशे अर्ज येतात. कारकून टिपण लावून देतो, मी टिपणावर सही करते. नाव पाहिलं नाही, चूक झाली. ठसा साक्षांकित करून नवा अर्ज पाठव." टायपिस्ट म्हणते, कचेरीतला माणूस चूक झाली असं कागदावर लिहीत नाही, तेव्हा हे मोठंच म्हणायचं. मला नाही मोठं वाटलं. मी न वाचता अंगठा देते कारण मला वाचता येत नाही. तू न वाचता सही देतेस ती कशामुळे?

तरी गेले साक्षांकन करायला. ऐक तुमच्या नियमाची वरात.

आधी आमच्या गल्लीतला डॉक्टर. त्याला वाटलं अंगठा दुखतो. दाबून दाबून पाहिला, मलम लिहून दिलं. खरं काम सांगितलं तर म्हणाला, "मी अंगठा तपासतो मावशी, माणूस नाही." मग शाळेची मुख्याध्यापिका, ती प्रशिक्षणाला गेलेली. शिकवून शिकवून इतकी वर्षं झाली आणि ही अजून शिकतेच आहे. मग बँकेचा मॅनेजर. गोरागोमटा, टेबलावर काचेखाली स्वतःचाच फोटो. म्हणाला, "मी तुम्हाला ओळखत नाही. ओळखीशिवाय सही कशी करू?"

मी म्हटलं, "तू कुठल्या दवाखान्यात जन्मलास?"

त्याने सांगितलं. आमच्याच.

"साल?"

तेही सांगितलं.

"मग तुझ्याखालची पहिली चादर मी धुतली आहे. तू मला ओळखत नसशील, मी तुला चांगलं ओळखते."

मागे रांगेतली माणसं हसायला लागली. मॅनेजरच्या कानाच्या पाळ्या लाल. सही केली, शिक्का मारला, शिक्क्यावर फुंकर पण घातली. तेव्हा आता मी कुणीतरी आहे. अर्ज सोबत आहे, या वेळी डोळे उघडून वाच.

आणि एक सांगते, वाचायलाही नको तुला. जाळी रोज लावलेली असायची म्हणे! शाळा सुटली की तू धुलाईघरात यायचीस, चादरींच्या ढिगावर बसून पाढे म्हणायचीस. तुझं दप्तर तू कुठे अडकवायचीस, आठवतं? दाराआड भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या जाळीला. खुंटीवर हात पोचत नव्हता म्हणून. काय तुमचं ते देखरेख कार्यालय! दहा वर्षांची पोर असताना जे रोज डोळ्यांनी पाहिलंस, ते आता पगार घेऊन दिसत नाही.

आजी

४ मार्च

कायदा अधिकारी बाईंस,

तुझं दुसरं पत्र टायपिस्टने दोनदा वाचलं. पहिल्यांदा मला ऐकू आलं नाही असं मी म्हटलं म्हणून.

"दप्तर आठवतं. जाळीही आठवते. म्हणजे वीस वर्षांपूर्वीसुद्धा ती जाळी रुळावर नव्हती. तेव्हा पाळीची प्रमुख कोण होती, आजी? आणि तक्रार धाकटीने न करता तू का केलीस?"

वा! वकिली शिकलीस ती आजीवर चालवायला. इतकी वर्षं विचारतेय सगळ्यांना, ही कोर्टात का उभी राहत नाही, हिला उलटतपासणी जमत नाही का. जमते की.

उत्तर घे. पाळीची प्रमुख मी होते, हे काही लपलेलं नाही, तुझ्या प्रगतिपुस्तकातसुद्धा छापायचं राहिलं होतं तेवढंच. तक्रार मी केली कारण धाकटीवर नोटीस आहे, तिने तोंड उघडलं असतं तर खळसाहेबाने तोंडही रुळात घातलं असतं. मी निवृत्त, माझं कोण काय करतो?

आणि ती वही, ज्याबद्दल तू शेवटी विचारलंस. हो, रोज सकाळी यंत्र तपासणीची वही यायची. पट्टा ठीक, पाणी ठीक, जाळी बसवलेली, असे रकाने. खाली पाळीप्रमुखाची सही. माझी सही म्हणजे अंगठा. मला वाचता येत नाही हे साऱ्या जगाला माहीत आहे. कारकून म्हणायचा, इथे लाव, मी लावायचे. त्यात काय लिहिलंय ते देवाला आणि कारकुनाला माहीत.

एवढं पुरे. टायपिस्टला दोष देऊ नकोस, ती नुसती लिहिते आहे. मध्येच थांबून माझ्याकडे बघते आहे, ते मी तिला बंद करायला सांगितलंय.

अर्ज तू वरिष्ठांना सांगून दुसऱ्या वकिलाकडे दिलास, हेही वाचलं. नात्यातलं प्रकरण हातात ठेवता येत नाही म्हणे. आणि पहिला अर्ज न वाचता मिटवला म्हणून तुझाच खुलासा मागवलाय. बरं झालं. खुलासा स्वतः लिही, कारकुनाला लावू नकोस टिपण.

आजी

१२ मार्च

भिंगरी,

रविवारी तू येऊन गेलीस. दोन वर्षांनी दार वाजवलंस आणि मी म्हटलं काय, तर "पायपुसणं बाहेर आहे." टायपिस्ट म्हणते हे लिहू नये. लिही ग बाई, तिने स्वतः ऐकलंय.

तू खुर्चीच्या काठावर बसलीस, पाहुणे बसतात तशी. चहा घेतलास, साखर कमी आहे म्हणाली नाहीस, तेव्हाच समजले की काहीतरी वाईट सांगायला आलीयेस.

"आजी, खळसाहेबाने वह्या हजर केल्यात. बावीस वर्षांच्या. प्रत्येक पानावर तुझा अंगठा आहे."

"असेल. माझा अंगठा सगळीकडे आहे."

"तो म्हणणार, ही बाई स्वतःच रोज लिहून देत होती जाळी आहे म्हणून, आणि आता उलटं बोलते. तुझीच साक्ष तुझ्या अंगावर येईल. पण एक मार्ग आहे." आणि मग तू आवाज खाली केलास. स्वतःच्या आजीच्या घरात, जिथे भिंतीला कान नाहीत, नुसती ओल आहे. "वहीतले अंगठेही साक्षांकित नाहीत. आमच्याच नियमाने ते धरता येणार नाहीत. तू फक्त म्हण, मला वाचता येत नव्हतं, कशावर अंगठा देतेय ते ठाऊक नव्हतं. तुला कुणी हात लावणार नाही."

मी विचारलं, "आणि धाकटी?"

तू कप खाली ठेवलास. "धाकटीचं बघू."

मी तुला काय बोलले ते तुला आठवत असेलच. दार उघडंच होतं, तू त्यातून गेलीस. खाली टायपिस्टलाही ऐकू गेलं. जिन्यातल्या मांजराला पण.

पण आता चार दिवस झाले आणि मला एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. तू जे सांगितलंस, तेच मी मागच्या पत्रात तुला लिहून पाठवलं होतं. अगदी तेच. वाचता येत नाही, ठाऊक नव्हतं. तू माझंच मला परत आणून दिलंस आणि मी तुला हाकललं.

तेव्हा आता ऐक. टायपिस्टला सांगितलंय, यातला एक शब्द मऊ करायचा नाही.

मला माहीत होतं. वाचता येत नसलं तरी रकाने तीनच होते आणि क्रम कधी बदलला नाही. पहिला पट्टा, दुसरं पाणी, तिसरी जाळी. कारकून पहिल्या दिवशीच बोट ठेवून बोलला होता. माझ्या लक्षात सात वॉर्डांच्या साडेतीनशे चादरींचा हिशेब राहायचा, तीन रकाने राहणार नाहीत? बावीस वर्षं मी तिसऱ्या रकान्याखाली अंगठा दिला आणि तोंड वर करून पाहिलं तर जाळी दाराआड.

ती का काढली तेही सांगते. जाळी असली की चादरीचं दुमडलेलं टोक तिला लागतं, यंत्र थांबतं. पुन्हा सुरू करा, पुन्हा थांबतं. वॉर्डांना चादरी आठच्या आत हव्यात. खळसाहेब तेव्हा नवा लागलेला. मी त्याला सांगितलं, जाळीने होत नाही. तो म्हणाला, "चादरी आठला पाहिजेत. कशा ते मला सांगू नका." काढ म्हणाला नाही, लाव म्हणाला नाही. मोठा हुशार माणूस. काढली कुणी? मी. पान्याने चार बोल्ट सोडले, उचलून भिंतीला लावली, आणि त्या दिवशी साडेसातला चादरी तयार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटायला हवी होती, मला मान वाटला.

आणि धाकटी आली तेव्हा पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, "मावशी, याला काही आडोसा नसतो का?" मी हसले. सगळ्यांसमोर म्हटलं, "भित्रीला आडोसा लागतो. हात कुठे न्यायचा ते कळत असलं की झालं." मग तिचा हात धरून शिकवलं, टोक चिमटीत, तळवा वर, रूळ ओढायला लागला की सोड. तो हात धरलेला मला अजून आठवतो. गार होता.

म्हणून अर्ज मी केला. तिच्या वतीने नाही. माझ्या वतीने, पण सगळं खळसाहेबाच्या डोक्यावर टाकून. वाटलं, तो तरी कुठे धुतल्या तांदळासारखा आहे. नाहीच आहे. पण मीही नाही.

आणखी एक, आता बोलायला लागलेच आहे तर. दोन वर्षांपूर्वी तुझी नेमणूक झाली, तुझे चार सोबती चहाला आले, आणि मी म्हटलं, "कोर्टात उभं राहायला पाय लागतात. हिला बसायला खुर्ची मिळाली, बूड पुरे." सगळे हसले, तू नाही हसलीस. मग आलीच नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरले की नात मोठी झाली, आजीची लाज वाटते. खोटं सांगत होते. मी विनोद केला नव्हता, भित्री म्हटलं होतं. दुसऱ्यांदा.

साक्षीला मी येणार. तुझा मार्ग नको मला. तुला माझ्यासाठी वाकायला शिकवलेलं नाही मी, आणि तू माझ्यासाठी धाकटीला सोडून द्यायला निघालीस, हे मला अजून आवडलेलं नाही. पण मागच्या चार दिवसांत एवढं कळलं की ते मी तुला दार दाखवण्याइतकं मोठं पाप नव्हतं.

आजी

२७ मार्च

भिंगरी,

तू सुनावणीच्या खोलीबाहेर बाकावर होतीस, आत यायची तुला परवानगी नव्हती. तेव्हा आतलं सांगते.

खोली म्हणजे काय, पडदे उतरवलेली खिडकी, एक लांब टेबल, आणि पंखा इतका मोठा की कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकावर पेला ठेवलेला. पाणी कुणी पीत नव्हतं. तुझ्या जागी आलेला वकील, तो घोगऱ्या आवाजाचा, चांगला माणूस आहे, पण प्रश्न विचारताना असं वाटतं की बोळवण करतोय. खळसाहेब समोर. कॉलर तीच. मला पाहून हसला. जुन्या ओळखीचं हसू. म्हणाला, "मावशी, कशाला दगदग केलीत या वयात?"

मी म्हटलं, "तुमची मान कशी आहे ते बघायला आले."

घोगऱ्याने वही उघडून विचारलं, "हा अंगठा तुमचा?"

"माझा."

"यात काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक होतं?"

खळसाहेब खुर्चीत पुढे सरकला. त्याला वाटलं मी नाही म्हणणार. नाही म्हटलं असतं तर आम्ही दोघेही सुटलो असतो, तो आणि मी, आणि धाकटी तेवढी राहिली असती मागच्या खुर्चीत. ती तिथे होती, फडक्यात गुंडाळलेला हात धुलाईघराच्या कोटाच्या खिशात.

मी म्हटलं, "ठाऊक होतं. जाळी नव्हती. मीच काढली होती. हिला मीच शिकवलं जाळीशिवाय. साहेबांना सगळं माहीत होतं, रोज सकाळी त्या दारातून यायचे, जाळी दाराआड असायची, एकदा तिला अडखळून पडलेही होते."

खळसाहेब म्हणाला, "खोटं."

"मग गुडघ्याची पट्टी कुणी बांधली होती? ती पण मीच."

घोगऱ्या हसला नाही, पण लिहिताना त्याचा पेन थांबला. मग त्याने तुझा कागद वाचला. मला ठाऊक नव्हतं तू तसा कागद दिलायस ते. "मी लहानपणी रोज धुलाईघरात जात असे. जाळी कधीच यंत्रावर पाहिली नाही. माझं दप्तर मी तिला अडकवत असे. माझ्या आजीने हे सांगायला नकार दिला, तरी मी सांगते." खाली तुझी सही. तुझा खुलासा चालू असताना, नोकरी टांगणीला असताना. मूर्ख कुठली. टायपिस्ट, मूर्ख असंच लिही, त्यापुढे दुसरं काही लावू नकोस.

बाहेर आल्यावर तू पाण्याची बाटली पुढे केलीस. मी घेतली नाही कारण धाकटी जिन्यात उभी होती. तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "तुम्ही मला हसला होतात."

मी म्हटलं, "हो."

"मी आडोसा मागितला होता."

"हो."

ती आईबरोबर जिना उतरून गेली. आई मागे वळून बघत होती, ती नाही.

तू मला बसपर्यंत पोचवलंस. काही बोलली नाहीस. मीही नाही. आपल्या दोघींचा हा विक्रमच म्हणायचा.

आजी

१८ एप्रिल

भिंगरी,

निकाल आला. टायपिस्ट म्हणाली, "मावशी, या वेळी 'उपरोक्त' नाही, थेट आहे." धाकटी दोषी नाही, नोटीस रद्द, तिला कपडे वेगळे करायच्या टेबलावर काम. खळसाहेबाची चौकशी आणि बदली. जाळी बसवली, आणि आता वॉर्डातून रोज फोन येतात म्हणे, चादरी साडेनऊला का येतात. येऊ देत. आजारी माणूस दीड तास जुन्या चादरीवर मरत नाही. माझ्यासाठी एक ओळ आहे, तत्कालीन पाळीप्रमुखही जबाबदार, पण निवृत्त असल्याने कारवाई नाही. मला इतकं स्वस्तात सोडतील असं वाटलं नव्हतं. थोडा अपमानच झाला.

तुझा खुलासा मान्य झाला पण ताशेरे बसले, हे तुझी आई फोनवर रडत सांगत होती. मी तिला म्हटलं, ताशेरे न वाचता केलेल्या सहीवर बसले, साक्षीच्या कागदावरची सही तरी त्या इमारतीत वाचून केलेली निघाली. रविवारी ये. पायपुसणं आत घेतलंय, पण पाय पूस.

आता खरं सांगायचं ते. धाकटीच्या आईने निरोप पाठवला. ती स्वतः पहाटेच कामाला जाते आणि पोरीला एका हाताने कामाच्या कोटाची बटणं लागत नाहीत. कोणी सकाळी येऊन लावून देईल का? कोणी म्हणजे कोण, ते म्हणाली नाही. मी गेले. धाकटीने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं, वाटलं बंद करेल. केलं नाही. बाजूला झाली.

त्याला आठवडा झाला. रोज जाते. सहा बटणं आहेत, वरचं काजं आखूड आहे, त्याला वेळ लागतो. ती समोरच्या भिंतीकडे बघत उभी राहते. मी खालून सुरुवात करते. सहाव्या बटणापर्यंत ती एक शब्द बोलत नाही. मीही नाही. तुला ठाऊक आहे मला किती अवघड जात असेल ते.

आज कोट घालताना तिने तो बोटं गेलेला हात आधी बाहीतून बाहेर काढला आणि मी धरेन म्हणून थांबली. मी धरला. सकाळी लवकर उठायचं असतं, म्हणून पत्र इथेच थांबवते.

आजी